भेसळ नसलेला संदेश

१२ मार्च रोजी मंडळीच्या खात्यातून ३,२८५ इतकी रक्कम मी वहिनींच्या हातात दिली. प्रार्थनागृहाच्या खिडक्यांना त्यांनी नवे पडदे शिवले होते, त्याची ती मजुरी. नोटा न मोजता त्यांनी पिशवीत टाकल्या, पावतीवर सही केली आणि उठायचे सोडून तशाच बसून राहिल्या.

त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी माझ्यावर एक काम सोपवले होते. मंडळीत नव्याने येणाऱ्यांसाठी, प्रभूकडून आलेला संदेश दुसऱ्यापर्यंत कसा पोचवावा, यावर दोन पाने लिहून द्यायची. मी मंडळीचा खजिनदार, शिक्षण वाणिज्य शाखेचे. काही नीट मांडायचे म्हटले की ते काम आपसूक माझ्या गळ्यात येते. वहिनींच्या कानावर ते गेले होते.

"नियम लिहाल तेव्हा माझंही लिहा," त्या म्हणाल्या.

मी विचारले, तुमचे काय लिहू? मग त्यांनी सांगितले. त्यातले काही मला माहीत होते, काही माझ्यासमोर घडले होते; पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग मी ते त्या दिवशीच ऐकले. नियमांची दोन पाने मी पाळकसाहेबांना देऊन टाकली आहेत. हे त्यांत बसले नाही, म्हणून वेगळे लिहीत आहे.

वहिनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करतात. धुऊन वाळलेल्या चादरी दुरुस्तीच्या खोलीत येतात. तिथे एक लांबलचक टेबल आहे, वरची बाजू दुधी काचेची, काचेखाली ट्यूबलाइट. चादर त्यावरून हळूहळू ओढत न्यायची. जिथे उजेड टोचून वर येईल तिथे भोक. लहान भोक रफू करायचे, मोठ्याला ठिगळ लावायचे. मधला भागच विरला असेल तर चादर उभी फाडून दोन्ही कडा मध्ये आणून जोडायच्या; म्हणजे ती आणखी वर्षभर निघते. ऑपरेशनच्या हिरव्या कापडांना ठिगळ चालत नाही, ती बाजूला काढायची. शिवणाचे मशीन आहे, पण रफू हातानेच. या कामात वहिनींच्या चष्म्याचा नंबर वाढत गेला आणि उजव्या हाताचे मधले बोट टोचून टोचून खरखरीत झाले.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा सासू-सासरे दोघेही जाऊन वर्ष झाले होते. घरात नवरा आणि दहा वर्षांचा दीर. नवऱ्याला सगळे थोरला म्हणतात. तो शीतगृहात माल चढवायच्या कामावर आहे. भर उन्हाळ्यात त्याच्या अंगात स्वेटर असतो, आणि दिवसभर गारठ्यात राहून की काय, बोलणेही गोठल्यासारखे. दिराला सगळे धाकटा म्हणत. त्याची शाळा, त्याचे गालगुंड, त्याच्या गुडघ्यावर फाटलेल्या पँटी, हे सगळे वहिनींच्या पदरात पडले. त्यांना स्वतःला मूल झाले नाही, आणि त्यासाठी त्यांनी कधी तोंड वाकडे केल्याचे मी पाहिले नाही. धाकट्याने वहिनी, वहिनी म्हणून घर डोक्यावर घेतले. ते ऐकून शेजारी वहिनी म्हणू लागले, मग मंडळीही. पाळकसाहेब वयाने कितीतरी मोठे, तेही वहिनीच म्हणतात.

धाकटा पुढे कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर झाला. कामगारांना सकाळी न्यायचे, संध्याकाळी आणायचे. चाळिशीला आला तरी लग्नाचे नाव नाही. जेवायला बसला की पहिला प्रश्न ठरलेला: "वहिनी, आज काय जाळलंस?" त्यावर उत्तरही ठरलेले: "तुझं नशीब. गप गिळ."

वहिनींना संदेश येतात हे मंडळीत सर्वांना ठाऊक होते. आमच्याकडे ही गोष्ट चेष्टेची नाही आणि तमाशाचीही नाही. संदेश देणारे आणखीही आहेत, पण वहिनींसारखा संदेश कुणी देत नसे. "प्रभू म्हणतो" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. उपासना संपल्यावर त्या त्या माणसाला बाजूला घ्यायच्या, आवाज खाली करायच्या आणि म्हणायच्या, "मला असं असं वाटलं. तू तपासून बघ." एवढे सांगून त्या चहाचे कप धुवायला जायच्या. नंतर कधी विचारायच्या नाहीत, की काय झाले, खरे निघाले का. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता तो त्यामुळे.

आता नियमांविषयी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत एका बाईंना आपल्या सुनेविषयी दर आठवड्याला संदेश येत. सुनेने पगार कुणाच्या हातात द्यावा, आईकडे किती दिवस राहावे, इतकेच काय, फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवावा, यावरही प्रभूचे मत असे. सून वर्षभर सोसत राहिली. शेवटी एका रविवारी ती भर सभेत उभी राहिली आणि म्हणाली की प्रभूला कळवा, त्या भिंतीला प्लग नाही. हसता हसता मंडळीची पुरेवाट झाली, पण ते घर पुढे मोडले. त्यानंतर मंडळीच्या पंचांनी बसून नियम केले, आणि ते चांगले नियम आहेत. मरण, लग्न आणि औषध यांविषयी कुणी कुणाला संदेश द्यायचा नाही. घरच्या माणसाला तर स्वतः द्यायचाच नाही. घरच्यासाठी काही आले असेल तर ते दोन पंचांना सांगायचे. त्यांनी प्रार्थना करून ते पारखायचे, आणि पटले तर त्यांच्यापैकी एकाने त्या माणसाला सांगायचे. कुणाकडून आले ते बोलायचे नाही. देणाऱ्यानेही घरात तोंड उघडायचे नाही.

आणखी एक नियम होता. तो कागदावर नव्हता, पण सगळे पाळत. संदेशात आपल्या माहितीची भेसळ करायची नाही. तुम्हाला शेजाऱ्याचे कर्ज माहीत आहे आणि तुम्ही त्याला कर्जाविषयी संदेश देता, तर तो कसला संदेश? जे आले तेवढेच सांगायचे, आपल्या पदरचे काही घालायचे नाही. आमचे एक पंच घड्याळे दुरुस्त करतात. ते शिकवणीच्या वेळी म्हणायचे, "दूध आणा. पाणी आम्ही आमच्या घरी घालू."

वहिनी हे सगळे काटेकोर पाळत.

धाकट्याचे घरात एक काम होते. रविवारी दुपारी जेवणे झाली की तो वहिनींच्या सुयांची उशी घेऊन बसायचा आणि आठवड्याभराच्या रफूसाठी सुयांत दोरे ओवून ठेवायचा. वहिनींना चष्मा लागला तेव्हापासूनचा हा शिरस्ता. गप्पा मारत, एक डोळा मिटून, दोरा दातांनी तोडून, एकेक सुई उशीत खोचायचा. थोरला कोपऱ्यात पेपर वाचायचा. वहिनी म्हणाल्या, आठवड्यातली तेवढीच वेळ घरात सगळे जागे असायचे आणि कुणाला घाई नसायची.

मग एका रविवारी तो म्हणाला की आज कंटाळा आलाय. पुढच्या खेपेला निम्म्याच सुया ओवल्या. त्यानंतर एकदा वहिनी स्वयंपाकघरातून पाहत होत्या: दोरा ओला करून तो सुईच्या शेजारून, हवेतूनच पुढे नेत होता, पुन्हा पुन्हा. त्याला वाटले कुणी बघत नाही. शेवटी सुई उशीत तशीच रिकामी खोचून त्याने उशी कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी कामावर वहिनींनी उशी काढली तर तीनच सुयांत दोरा होता.

त्यांना इतरही दिसत होते. चहा कपात ओतताना तो बोट कपाच्या कडेला लावून ठेवायचा. फोन नाकाशी धरायचा. त्याला साखरेचा आजार होता, गोळ्या मनात आल्या तर घ्यायचा. कारखान्यात दर वर्षी ड्रायव्हरांची नजर तपासतात. तो मुद्दाम रांगेत मागे राहून पुढच्यांनी वाचलेली अक्षरे पाठ करायचा, हे त्याने स्वतःच एकदा हसत सांगितले होते. तेव्हा सगळे हसले होते, वहिनीही.

आणि मग तो संदेश आला.

त्या कामावर होत्या. चादर काचेवरून ओढत होत्या. त्यांनी सांगितले ते असे, की काचेखालचा उजेड एकाएकी धुरकट झाला. समोर बसची पुढची काच, आतून वाफ धरलेली. कुणाचा तरी हात ती काच पुसतोय आणि वाफ जात नाही. काचेखाली पिवळा टॉवेल. धाकटा असाच टॉवेल स्टिअरिंगपुढे टाकून ठेवायचा. आणि छातीवर कुणी हात दाबावा तसा एकच शब्द: थांब.

शेजारच्या बाईने चादर त्यांच्या हातातून घेतली, एवढे त्यांना आठवते.

त्या दिवशी संध्याकाळी धाकटा घरी आला, जेवला, झोपला. वहिनी काही बोलल्या नाहीत. घरच्या माणसाचा संदेश होता. तो त्याला सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्या घड्याळवाल्यांच्या दुकानात गेल्या. घड्याळवाल्यांनी डोळ्याचे भिंग काढून ठेवले आणि सगळे ऐकून घेतले. पारखायला दोन पंच लागतात. दुसऱ्या पंच म्हणजे निवृत्त मेट्रन, त्या मुलीच्या बाळंतपणाला बाहेरगावी होत्या. त्या पुढच्या शनिवारी येणार होत्या. घड्याळवाले म्हणाले, प्रभूचं असेल तर शनिवारपर्यंत शिळं होत नाही. वहिनींना ते पटले. शनिवार यायला आठवडा होता.

तो आठवडा धाकटा रोज बस चालवत होता.

शनिवारी मेट्रनबाईंच्या घरी तिघे बसले. मेट्रनबाई हॉस्पिटलात होत्या तेव्हा डॉक्टरही त्यांना दबकून असत. त्यांनी सरळ विचारले, "तुझ्या मनात आधीपासून त्याच्याबद्दल काही होतं का? काळजी, भांडण, काही?"

इथे वहिनींनी सांगायला हवे होते. सुया, चहाचा कप, फोन, सगळे जिभेवर आले होते. पण त्यांना वाटले, हे सांगितले तर ती भेसळ होईल. पंच म्हणतील, अगं, हे तर तुझ्याच डोक्यातलं, आणि संदेश तिथेच बाजूला पडेल. धाकट्याला थांबवणारे जे काही प्रभूकडून आले होते ते आपल्याच हातून वाया जाईल. म्हणून त्या म्हणाल्या, घरच्या माणसाची काळजी असते तेवढीच. आणि वाफेची काच, पिवळा टॉवेल, थांब, एवढेच त्यांच्यापुढे ठेवले. टॉवेलही पंचांनी वगळला. त्यावरून संदेश कुणाचा ते धाकट्याला लगेच कळले असते. काच वगळली, कारण ड्रायव्हर माणसाला काचेचे सांगून उगाच घाबरवायचे कशाला. उरला एक शब्द.

रविवारी उपासनेनंतर घड्याळवाले धाकट्याला मागच्या बाकावर घेऊन बसले. मी चार पावलांवर अर्पणाची पेटी रिकामी करत होतो, त्यामुळे ते माझ्या कानांनी ऐकले. घड्याळवाल्यांनी ते फार चांगल्या रीतीने सांगितले. आवाज नाही, धाक नाही, हात त्याच्या खांद्यावर. म्हणाले, "कुणालातरी तुझ्याविषयी असं वाटलं की तू थांबावंस. कशापासून ते आम्हाला कळलेलं नाही. आमचं चुकतही असेल. तू प्रार्थना कर, तपासून बघ." धाकट्याने मान डोलावली, आभार मानले. कुणाला संदेश कसा द्यावा हे शिकवायचे असते तर मी तोच प्रसंग दाखवला असता.

धाकटा देवाला मानणारा माणूस होता. त्याने ते मनावर घेतले.

सोमवारी संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा त्याने वहिनींना नेहमीचा प्रश्न विचारला नाही. थोरल्याला म्हणाला की काल मला संदेश मिळाला, थांब म्हणून. कालपासून विचार करतोय, कशापासून? मग मला वाटलं, सिगरेट. कालपासून एकही ओढलेली नाही. डोकं भणभणतंय, पण नाही ओढली.

थोरला क्वचित विनोद करतो. तो म्हणाला, "प्रभूने माझे किती वाचवले. तू माझ्याच पाकिटातल्या ओढायचास."

धाकटा हसला. मग वहिनींकडे वळला.

"वहिनी, तुला काय वाटतं? सिगरेटचंच असेल ना?"

वहिनींच्या हातात वाढायची पळी होती. त्यांनी मला सांगितले की त्या क्षणी त्याचे ताट त्यांना दिसत होते. त्याने ताटाबाहेर सांडलेले त्याला दिसत नव्हते. त्यांना बोलायचे होते. पण बोलले तर संदेश आपला होता हे उघड होणार, त्या फ्रिजवाल्या बाईनंतर घरच्यावर संदेश लादणारी दुसरी बाई आपणच होणार. आणि त्यांच्या मनाने अशीही समजूत घातली होती की प्रभूने सुरू केलेले काम प्रभूच पुरे करील, मध्ये आपण हात घालू नये.

त्या म्हणाल्या, "तपासून बघ."

गुरुवारी, उजेड उतरता उतरता, कारखान्याची बस कामगारांना घेऊन परत येत होती. रस्त्याच्या कडेला एक रंगारी सायकल उलटी करून चेन बसवत होता. शिडी झाडाला टेकवलेली, डबे बाजूला ठेवलेले. बस रस्ता सोडून थोडीच खाली उतरली. फार वेगात नव्हती, असे आतल्या कामगारांनी नंतर सांगितले. ड्रायव्हरने ब्रेक लावला तो आवाज आल्यावर. रंगारी जागेवरच गेला. त्याला बायको आणि दोन मुली होत्या.

धाकट्याला ओरखडाही उठला नाही. तो खाली उतरला आणि लोकांना विचारत राहिला की काय होतं तिथे, काय लागलं बसला.

पोलिसांनी त्याला वहिनींच्याच हॉस्पिटलात डोळे तपासायला आणले. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत आतून रक्त उतरले आहे, उजव्यात फारसे काही उरलेले नाही. साखरेने होते. काही महिने आधी आला असता तर बरेच वाचवता आले असते. फाइल मिटून त्यांनी विचारले, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" थोरला जमिनीकडे बघत राहिला. वहिनींनी पदराचे टोक धरून ठेवले होते, ते सोडले नाही.

जामिनावर सुटून धाकटा घरी आला त्या दिवशी वहिनींनी त्याला सगळे सांगितले. संदेश आपला होता, आपण तो पंचांकडे दिला होता, नियमाने आपल्याला बोलता येत नव्हते. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. त्यांचे बोलून झाल्यावर त्याने विचारले, "सुयांचं तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोनतीन महिने झाले असतील."

"संदेशाचं राहू दे. सुयांचं तू मला का नाही बोललीस?" तो म्हणाला. "इथे, या टेबलावर, एवढंच म्हणायचं होतंस. आंधळ्या, चल, डोळे दाखवून येऊ. मी आलो असतो. तू सांगितलेलं मी कधी टाळलंय का?"

वहिनी म्हणाल्या की त्याचा आवाज चढला असता तर बरे झाले असते. तो चढला नाही. त्याने कधीच त्यांचे सांगणे टाळले नव्हते, हे खरे होते. गोळ्याही त्या समोर उभ्या राहिल्या की तो घ्यायचा.

महिनाभरात त्याने बस डेपोच्या मागे एक खोली घेतली. थोरला अधूनमधून तिथे जातो. वहिनी दोनदा गेल्या. पहिल्या वेळी त्याने दार उघडले, बसायला सांगितले, पाणी दिले, आणि परक्या बाईशी बोलावे तसे अहो-जाहो करून बोलला. दुसऱ्या वेळी दार उघडले नाही. रंगाऱ्याच्या घरीही त्या गेल्या होत्या. तिथे दाराची साखळी न काढता फटीतून त्याच्या बायकोने विचारले, आपण कोण? वहिनींना सांगता आले नाही.

त्यांनी पंचांची सभा बोलवायला लावली. हिशेबाची वही घेऊन मी सभेला असतोच. मेट्रनबाई त्या दिवशी रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिले. म्हणाल्या, सुयांचं मला सांगितलं असतंस तर त्याच दुपारी कान धरून त्याला डोळ्यांच्या विभागात नेलं असतं. घड्याळवाले म्हणाले की भेसळ नको हे आम्हीच शिकवलं, तिने तेच केलं, तिला बोल लावता येणार नाही.

"बोल लावायला नाही बोलावलं," वहिनी म्हणाल्या. "मला एकच सांगा. काचेवर मी जे पाहिलं ते प्रभूचं होतं की माझ्या काळजीचं? प्रभूचं असेल, तर मी ते तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवलं आणि तो आठवडाभर बस चालवत राहिला. माझ्या काळजीचं असेल, तर आपल्याच दिराची काळजी आपल्याच दिराला सांगायला मला दोन पंच कशाला लागले? कुठूनही धरा. तो रंगारी मेलाच."

पाळकसाहेबांनी प्रार्थना करू या म्हणून डोळे मिटले, तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, आता नको. पाळकसाहेबांनी डोळे उघडले. थोड्या वेळाने सगळे उठले.

त्या सभेनंतर नियमांत एक ओळ वाढली: जे डोळ्यांनी दिसले ते आधी माणसाला तोंडाने सांगावे, संदेशाची वाट बघू नये. मीच ती लिहिली. वहिनींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, बरोबर आहे. मी वाट पाहिली, की आणखी काही म्हणतील. त्या पडद्यांची मापे विचारू लागल्या.

वहिनी आता कुणाला संदेश देत नाहीत. येत नाहीत की येऊनही देत नाहीत, हे मी विचारलेले नाही. उपासनेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, गाणे सुरू झाले की पुस्तक उघडून धरतात, पण ओठ हलत नाहीत. लोक अजून त्यांच्या तोंडाकडे बघतात. मागच्या महिन्यात शेजारणीच्या घरी गेल्या असताना म्हणाल्या की गॅसची नळी चिरली आहे, आजच बदल. शेजारीण हात जोडून उभी राहिली आणि विचारू लागली की वहिनी, हा संदेश आहे का? "नाही," वहिनी म्हणाल्या, "नळी चिरलीय." शेजारणीने तीन दिवस प्रार्थना केली आणि मग नळी बदलली. मला हे सांगताना वहिनी हसल्या, आणि ते हसू बघवत नव्हते.

थोरल्याने एका रविवारी सुयांची उशी घेऊन बसायचा प्रयत्न केला. गारठ्यात काम करून त्याची बोटे ताठरली आहेत. एका सुईवर अर्धा तास गेला. वहिनींनी उशी त्याच्या हातातून काढून घेतली. आता त्यांनी पत्र्याची, तारेचा फास असलेली ती ओवणी विकत आणली आहे.

धाकट्याचा खटला अजून उभा राहिलेला नाही. वकिलाच्या फीसाठी मंडळीने थोडी रक्कम जमवली, तिचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे मला महिन्यातून एकदा त्याच्या खोलीवर जावे लागते. खोलीत एक कॉट, एक खुर्ची, भिंतीला टेकवलेली त्याची काठी. डाव्या डोळ्याने त्याला दारातला उजेड आणि माणसाची आकृती दिसते. मी आलो की पावलांवरून ओळखतो. वहिनी कशी आहे असे तो विचारत नाही, आणि मी आपणहून सांगितले तर ऐकून घेतो.

डाव्या डोळ्यात दिवसातून दोनदा थेंब टाकावे लागतात. ते हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात कर्मचाऱ्यांना कमी किमतीत मिळतात, म्हणून वहिनी घेतात आणि माझ्या हाती पाठवतात. पहिल्या खेपेला त्याने बाटली हातात धरली, चाचपली आणि परत माझ्यापुढे केली. मी ती घेतली नाही. मग तो म्हणाला की फुकट नको. किंमत लिहून ठेवा, जमेल तसे देईन, तिला पोचते करा. मी वहिनींना तसे सांगितले. त्यांनी मान हलवली.

त्याप्रमाणे मी ठेवतो. आतापर्यंत बाटल्या तीन, प्रत्येकी २४५ प्रमाणे ७३५. त्याने दोन खेपांत ६०० दिले, ते वहिनींना पोचले. १३५ त्याच्याकडून येणे बाकी आहे.